चांदबिबी सुलताना : दोन वेळा आलेला एकच आरोप

साताऱ्याच्या किल्ल्याचे नाव निघाले म्हणजे आपल्या मनात छत्रपती शिवाजी महाराजांचा, शाहू महाराजांचा काळ उभा राहतो. ते स्वाभाविकच आहे. हा किल्ला 1673 साली स्वराज्यात आला. परंतु त्याच्या नव्वद-ब्याण्णव वर्षे आधी, जेव्हा सातारा आणि आपला हा सारा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत मोडत होता, तेव्हा याच किल्ल्यावर एका राणीला कैदेत ठेवले गेले होते. ती विजापूरच्या दिवंगत सुलतानाची विधवा आणि गादीवर बसलेल्या बालसुलतानाची चुलती होती. तिच्यावर आरोप असा ठेवण्यात आला की, ती शत्रूशी आतून मिळालेली आहे. मी हे कडेगावात बसून लिहीत आहे. येथून सातारा वायव्येस आणि विजापूर आग्नेयेस. त्या काळच्या दृष्टीने पाहिले तर आपण राजधानी आणि तिचा तुरुंग यांच्या मधल्या पट्ट्यात राहतो.

त्या राणीचे नाव चांदबिबी. सुमारे वीस वर्षांनी हाच आरोप त्यांच्यावर दुसऱ्यांदा आला, तो अहमदनगरच्या किल्ल्यात. त्या वेळी कैदेचाही अवकाश मिळाला नाही. ज्या शिपायांना घेऊन त्यांनी किल्ला राखला होता, त्याच किल्ल्यातील शिपायांनी त्यांच्या महालात घुसून त्यांना ठार केले. त्यांच्या शौर्याच्या कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. या दोन आरोपांकडे मात्र कोणी एकत्र पाहत नाही, आणि माझ्या मते त्यांचे सारे चरित्र या दोन प्रसंगांमध्ये पसरलेले आहे.

चांदबिबींचा जन्म 1550 च्या सुमारास अहमदनगरच्या निजामशाही घराण्यात झाला. वडील हुसेन निजामशहा, आई खुन्झा हुमायून. अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याचा जो दगडी तट आज आपण पाहतो, तो 1559 ते 1562 या काळात हुसेन निजामशहाने बांधवून घेतला. त्यापूर्वी तेथे मातीचा कोट होता. (मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित नेहरू आणि त्यांचे सहकारी 1942 नंतर ज्या किल्ल्यात बंदी होते, तो हाच.) म्हणजे तट उभा राहत होता तेव्हा चांदबिबी दहा-बारा वर्षांच्या होत्या. बापाने बांधलेला तट पुढे लेकीला लढवावा लागेल, हे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल. आईचे उदाहरणही त्यांच्या डोळ्यांसमोर होते. पतीच्या निधनानंतर खुन्झा हुमायून यांनी अल्पवयीन मुलाच्या, मुर्तुझा निजामशहाच्या नावाने काही वर्षे राज्यकारभार पाहिला आणि अखेर त्याच मुलाने त्यांना कैद केले.

विवाह झाला तो राजकारणाचा भाग म्हणून. विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांना एकत्र यायचे होते, आणि एकत्र येण्याआधी आपसांतले वैर मिटवणे आवश्यक होते. म्हणून चांदबिबींचा निकाह विजापूरच्या अली आदिलशहाशी झाला आणि अली आदिलशहाची बहीण अहमदनगरच्या मुर्तुझाला दिली गेली. सोलापूरचा किल्ला, ज्याच्यासाठी दोन्ही घराणी वर्षानुवर्षे रक्त सांडत आली होती, तो चांदबिबींबरोबर विजापूरला आंदण गेला. त्यानंतर 1565 च्या जानेवारीत तालिकोटची लढाई झाली. हे सारे आपण इतिहासात वाचतो. पण एखाद्या मुलीचे लग्न म्हणजे दोन राज्यांमधल्या भांडणाची तडजोड असते, तेव्हा ती मुलगी सासरी गेल्यावर दोन्हीकडची परकी ठरण्याचा धोका किती असतो, याचा विचार आपण करीत नाही. चांदबिबींच्या वाट्याला ते आले.

अली आदिलशहाबरोबर त्यांचा संसार चांगला झाला असावा असे दिसते. त्या पतीसमवेत स्वारीवर जात, घोड्यावर बसत, दरबारच्या कामात लक्ष घालीत. त्यांना अरबी, फारसी आणि तुर्कीबरोबर मराठी व कानडी भाषाही येत होत्या, असे सांगितले जाते. विजापुरात 1579 साली त्यांच्या नावाने बांधलेली चांद बावडी आजही आहे. मूलबाळ मात्र झाले नाही. 1580 साली अली आदिलशहाचा खून झाला आणि त्याचा पुतण्या इब्राहिम, वय वर्षे नऊ, गादीवर आला. त्याचा सांभाळ आणि शिक्षण चांदबिबींकडे आले. कारभार मात्र सरदारांच्या हाती राहिला.

येथून पुढचा क्रम नीट ध्यानात घ्यावा. पहिला कारभारी कामिलखान शिरजोर झाला. चांदबिबींनी किश्वरखान नावाच्या दुसऱ्या सरदाराला हाताशी धरून त्याला दूर केले. त्यात कामिलखान मारला गेला. मग किश्वरखान शिरजोर झाला. त्याने मुस्तफाखान या वजनदार सरदाराचा बनावट हुकमाने घात करविला आणि चांदबिबींनी त्याबद्दल नापसंती दाखविताच त्यांच्यावर आळ घेतला की, त्या आपल्या भावाला, मुर्तुझा निजामशहाला, विजापूरवर चालून येण्यास चिथावीत आहेत. माहेर अहमदनगरचे असल्यामुळे आळ खपण्यासारखा होता. जनानखान्यातून त्यांना बळाने बाहेर काढून साताऱ्याला रवाना करण्यात आले.

खरे काय होते, ते काही महिन्यांतच सर्वांना दिसले. लोकांचा रोष पाहून किश्वरखान पळाला आणि गोवळकोंड्याच्या मुलखात मारला गेला. इखलासखान आदी हबशी सरदारांच्या हाती सत्ता आली आणि त्यांनी चांदबिबींना साताऱ्याहून सन्मानाने परत आणले. थोड्याच अवधीत अहमदनगर आणि गोवळकोंड्याच्या फौजांनी मिळून विजापूरला वेढा घातला. शहरात लढणारे थोडे, आणि त्यांच्यातही हबशी, दख्खनी, परदेशी असे तट पडलेले. त्यात पावसाने कोटाचा काही भाग ढासळला. चांदबिबींनी त्या दिवसांत भांडणाऱ्या सरदारांना एका जागी आणले. हबशी सरदारांनी कारभार सोडावा आणि सर्वांना मान्य होईल अशा शाह अबुल हसन यांच्याकडे तो जावा, अशी तडजोड घडली. वेढा निष्फळ झाला. वाचकहो, बाहेर तंबू ठोकून बसलेली फौज कोणाची होती? त्यांच्या सख्ख्या भावाची. जिच्यावर भावाला बोलावल्याचा आळ होता, तीच भावाविरुद्ध तटावर उभी होती. आळ घेणाऱ्यांपैकी कोणी याबद्दल माफी मागितल्याचे इतिहासात नाही.

पुढची काही वर्षे मी भरभर सांगतो. विजापुरात दिलावरखानाचा अंमल आला. 1584 च्या सुमारास इब्राहिमची बहीण खदीजा हिचा विवाह मुर्तुझाच्या मुलाशी, मीरान हुसेनशी ठरला, तेव्हा चांदबिबी तिच्यासोबत अहमदनगरला गेल्या. माहेरी त्यांना जे पाहावे लागले ते सुखाचे नव्हते. 1588 साली मीरान हुसेनने स्वतःच्या बापाचा जीव घेतला; वर्षभरात तोही मारला गेला. त्या गोंधळात परदेशी मुसलमानांची शहरात कत्तल झाली. मग चांदबिबींचा दुसरा भाऊ बुऱ्हाण, जो काही काळ अकबराच्या आश्रयाला होता, तो 1591 साली गादीवर आला आणि 1595 च्या वसंतात वारला. त्याचा मुलगा इब्राहिम निजामशहा चार महिन्यांतच विजापूरच्या फौजेशी लढताना पडला. त्याच्यामागे राहिला बहादूर नावाचा तान्हा मुलगा.

आता अहमदनगरात गादीचे चार दावेदार उभे राहिले. मियाँ मंजू या दख्खनी वजिराने अहमद नावाचा मुलगा निजामशाही वंशाचा म्हणून गादीवर बसविला आणि बहादूरला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर डांबले. इखलासखानाच्या हबशी गटाने (हा अहमदनगरचा इखलासखान, विजापूरचा निराळा) मोती नावाचे एक पोर बाजारातून उचलून त्याला शहा म्हणून पुढे केले. अभंगखान हबशाने सत्तरीला आलेल्या शाह अलीला आणले, जो पहिल्या बुऱ्हाण निजामशहाचा मुलगा होता. आणि चांदबिबींनी बहादूरचा, म्हणजे आपल्या भावाच्या नातवाचा, हक्क धरला. चौघांपैकी वारसाहक्क निःसंशय कोणाचा होता, हे उघड आहे. पण ज्याचा हक्क खरा, तो अजून बोलूही शकत नव्हता. दिव्य कुरआनात यतीमाच्या मालमत्तेविषयी किती कडक शब्दांत बजावले आहे, हे आपण प्रत्येक जुम्याला ऐकतो आणि शेत-घराच्या वाटणीपुरते लक्षात ठेवतो. येथे यतीमाची मालमत्ता म्हणजे एक राज्य होते.

हे युद्ध चार गटांचे, एकाच शहराच्या रस्त्यांवर चाललेले. हबशी गटाने कोंडी केली तेव्हा मियाँ मंजूने घाबरून गुजरातेत असलेल्या शाहजादा मुरादला, अकबराच्या मुलाला, मदतीस बोलावले. मोगलांना दख्खनमध्ये यायला निमित्त हवेच होते. मुराद निघाला, त्याच्यासोबत खानखानान अब्दुर्रहीम, ज्यांना आपण रहीम या नावाने दोह्यांमुळे ओळखतो, आणि खानदेशचा राजा अलीखान. एवढ्या अवधीत मियाँ मंजूने इखलासखानाचा पराभव केला आणि त्याला मोगलांची गरजच उरली नाही. पण बोलावलेला पाहुणा परत पाठविणे त्याच्या हाती नव्हते. तेव्हा त्याने किल्ल्यात अन्सारखान या आपल्या माणसाला ठेवले आणि स्वतः अहमदला घेऊन, विजापूर-गोवळकोंड्याची मदत आणतो असे सांगून, औशाच्या बाजूला निघून गेला. चांदबिबी किल्ल्यातच राहिल्या. त्यांनी अन्सारखानाला मुहम्मदखान नावाच्या सरदाराकरवी ठार करविले आणि चावंडला कैदेत असलेल्या बहादूरच्या नावाने द्वाही फिरविली.

अन्सारखानाचा हा खून मला अडखळायला लावतो, आणि तो झाकून चरित्र सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही. विजापुरात किश्वरखान, येथे मुहम्मदखान. एका बळजोराला दुसऱ्या बळजोराच्या हातून हटवायचे, ही त्यांची रीत झाली होती. पडद्याआड राहून राज्य राखणाऱ्या स्त्रीला दुसरे साधन कोणते होते, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. पण या रीतीचे फळ दोन्ही वेळा तेच आले: हटविणारा पुढे स्वतःच डोईजड झाला.

मोगल 1595 च्या डिसेंबरात अहमदनगरला पोहोचले. शहर किल्ल्याबाहेर होते. शाहजाद्याने रहिवाशांना अभय दिले. परंतु शाहबाजखान नावाच्या सरदाराच्या लोकांनी ते मोडून वस्त्या लुटल्या. बारा इमामांच्या नावाने चालणारा लंगरही त्यांनी सोडला नाही. निजामशाही शिया, आलेले बहुतेक सुन्नी. लुटीला तेवढे निमित्त पुरले. शाहजाद्याने काही लुटारूंना शिक्षा केली, पण लोकांचा विश्वास उडाला आणि रातोरात शहर रिकामे झाले. (कडेगावच्या मोहरमला उंच ताबूत पाहायला दूरदूरचे लोक येतात आणि त्यात हिंदू बांधव बरोबरीने राबतात. ताबुतांविषयी उलमांमध्ये मतभेद आहेत. ते येथे नकोत. मी एवढेच म्हणेन की, गरिबाला जेवू घालणारा लंगर कोणत्या फिरक्याचा आहे हे विचारून लुटणारा माणूस कोणत्याच फिरक्याचा नसतो.)

किल्ल्याभोवती मोर्चे लागले. अभंगखान आणि शाह अली यांनी एका रात्री मोगलांच्या मोर्च्यांतून वाट काढून किल्ल्यात शिरण्याचा प्रयत्न केला. अभंगखान थोड्या लोकांनिशी आत पोहोचला. म्हातारा शाह अली मागे हटला आणि त्याची बरीच माणसे कापली गेली. येथे एक गोष्ट लक्षात येते. काल-परवापर्यंत जो दुसऱ्या राजाचा झेंडा घेऊन लढत होता, त्या अभंगखानाला चांदबिबींनी आत घेतले, लढायला जागा दिली. त्याच्या राजाविषयी वाद तेव्हा काढला नाही. त्याच वेळी त्यांनी विजापूरला पुतण्याकडे, इब्राहिम आदिलशहाकडे, निरोप धाडले. ज्याला त्यांनी नवव्या वर्षापासून वाढविले होते तो आता पंचविशीच्या घरात होता, आणि त्याने विलंब केला नाही. सुहेलखानाच्या हाताखाली सुमारे 25 हजारांचे घोडदळ निघाले. गोवळकोंड्याची कुमकही त्याला मिळाली.

ही फौज येण्याआधी किल्ला घ्यायचा म्हणून मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. सुरुंग म्हणजे तटाच्या पायापर्यंत जमिनीखालून भुयार न्यायचे, त्यात दारू ठासायची आणि वात लावून वरचा तट उडवायचा. मोगलांच्याच छावणीतल्या ख्वाजा मुहम्मदखान शिराझी या माणसाला वेढ्यातल्या लोकांची दया आली आणि त्याने रात्री आत खबर दिली. किल्ल्यातल्या लोकांनी लगेच आतून खणायला आरंभ केला. दोन सुरुंग सापडले, त्यांतली दारू उपसून काढली. तिसरा शोधणे चालू असतानाच शाहजाद्याने खानखानानांना बरोबर न घेता, विजयाचा मान आपल्यालाच मिळावा म्हणून, वात लावण्याचा हुकूम दिला. तो सर्वांत मोठा सुरुंग होता. खणणारे लोक दगडांखाली गेले आणि सुमारे 50 गज तट एका क्षणात कोसळला. हिजरी 1004 चा रजब महिना लागण्याचा तो सुमार होता. इसवी सन 1596 चा फेब्रुवारी.

खिंडारासमोरचे सरदार पळू लागले. त्या वेळी चांदबिबी चिलखत घालून, तोंडावर निकाब ओढून, हाती नंगी तलवार घेऊन खिंडारावर आल्या. त्यांना पाहून पळणारे थबकले आणि परतले. यापुढची गोष्ट नशिबाची म्हणा की मोगलांच्या आपसांतल्या हेव्याची म्हणा: हल्ला करणाऱ्या तुकड्या लगेच पुढे आल्याच नाहीत. बाकीचे सुरुंगही उडतील याची त्या वाट पाहत राहिल्या. ते उडणार नव्हते, त्यांतली दारू आधीच किल्ल्यात गेली होती. तेवढ्या अवकाशात खिंडारावर तोफा आल्या, बाण आले, पेटते गोळे आले. दुपार ढळल्यावर हल्ला सुरू झाला तो अंधार पडेपर्यंत चालला. मोगल पुन्हा पुन्हा चढून आले आणि खंदक प्रेतांनी भरत गेला. गोळ्यासाठी शिसे संपले तेव्हा चांदबिबींनी तांबे, मग चांदी, मग सोने आणि शेवटी दागिने तोफेत घातले, अशी एक कथा प्रसिद्ध आहे. ती कथाच आहे, आणि तिची गरजही नाही. रात्री जे झाले ते अधिक मोलाचे आहे: त्या घोड्यावरून उतरल्या नाहीत, मशालींच्या उजेडात दगड, माती, लाकूड, हाताला येईल ते लावून खिंडार पहाटेपर्यंत पुरुषभर उंच बुजवून घेतले. उजाडता मोगलांना पुन्हा तट दिसला.

समकालीन इतिहासकार मुहम्मद कासिम फिरिश्ता, जो आधी अहमदनगरच्या चाकरीत होता आणि 1589 नंतर विजापुरात होता, त्याने हा वेढा लिहून ठेवला आहे. या दिवसानंतर लोक त्यांना चांदबिबी न म्हणता चांद सुलताना म्हणू लागले, असे तो नोंदवितो. मोगलांच्या छावणीतही त्यांची वाहवा झाली.

यानंतर दोन्ही बाजू थकल्या होत्या. मोगलांकडे धान्य आटले होते आणि सुहेलखान जवळ येत होता. किल्ल्यातही उपासमार होती. तह झाला: वऱ्हाड मोगलांना, अहमदनगर बहादूर निजामशहाला. मुरादने वेढा उठविला. एवढे लढून वऱ्हाडासारखा सुपीक प्रांत सोडायचा, हे अनेकांना रुचले नाही. हुदैबियाच्या तहाच्या वेळी मोठमोठ्या सहाबांनाही त्या अटी जड गेल्या होत्या, हे सीरत वाचलेल्यांना ठाऊक आहे. मी दोन प्रसंगांची बरोबरी करीत नाही, ती होऊही शकत नाही. पण तहाच्या कागदावर सही करणाराच्या पदरी नेहमी दूषण येते, हे मात्र दोन्हीकडे दिसते.

बहादूरला चावंडहून आणून गादीवर बसविले. मियाँ मंजू अजून अहमदचे नाव घेत होता. इब्राहिम आदिलशहाने त्याला आणि अहमदला विजापूरला बोलावून घेऊन ते प्रकरण मिटविले. चार दावेदारांचे यादवी युद्ध येथे संपायला हवे होते. पण मुहम्मदखान पेशवा झाला आणि सारी सत्ता आपल्या हाती ओढू लागला. चांदबिबींनी पुन्हा विजापूरची मदत मागितली. तेव्हा याच मुहम्मदखानाने मोगलांना पत्र लिहून बोलावणे धाडले! किल्ल्यातल्या लोकांनीच त्याला पकडून चांदबिबींच्या स्वाधीन केले आणि अभंगखान पेशवा झाला. 1597 च्या आरंभी गोदावरीकाठी सोनपेठजवळ दख्खनी फौजा आणि खानखानान यांच्यात मोठी लढाई झाली. खानदेशचा राजा अलीखान त्यात पडला, पण मैदान मोगलांनी मारले. पुढे अभंगखानही चांदबिबींच्या विरोधात गेला आणि किल्ल्यालाच वेढा घालून बसला. ज्याला सुरुंगांच्या दिवसांत आत घेतले होते, तोच हा.

दारूच्या व्यसनाने मुराद 1599 साली मेला. अकबराने दानियाल या दुसऱ्या मुलाला धाडले आणि स्वतः बुऱ्हाणपूरपर्यंत आला. मोगल पुन्हा अहमदनगरकडे येत आहेत असे दिसताच अभंगखान जुन्नरकडे निघून गेला. 1600 सालचा हा वेढा पहिल्यासारखा नव्हता. विजापूरची कुमक येणार नव्हती. किल्ल्यात शिपाई होते, पण एकमेकांवर विश्वास ठेवणारे दोन सरदार नव्हते. चांदबिबींचे वय पन्नाशीला आले होते.

अशा स्थितीत त्यांनी मोगलांशी बोलणी चालविली होती, हे नाकारता येत नाही. अबुल फजलने त्याची नोंद ठेवली आहे. किल्ला द्यावा आणि बीडची जहागीर घ्यावी, असा त्या बोलण्यांचा रोख होता. फिरिश्ता शेवटच्या दिवसाची हकीकत देतो. त्यांनी हमीदखान नावाच्या खोजा सरदाराला बोलावून मसलत विचारली. त्याने लढण्याचा सल्ला दिला. त्यावर त्यांनी आपले मत सांगितले की, ज्या सरदारांचा भरवसा नाही त्यांच्या बळावर किल्ला टिकणार नाही; तेव्हा शिबंदीच्या जिवाची आणि अब्रूची हमी घेऊन किल्ला सोडावा आणि लहान बहादूरला घेऊन जुन्नरला जावे, म्हणजे राज्य तरी शिल्लक राहील. हमीदखान तेथून निघाला आणि रस्त्यावर ओरडत सुटला की, चांदबिबी मोगलांना मिळाल्या, किल्ला विकला. दख्खनी शिपायांचा जमाव त्याच्या मागे लागला. तो महालात घुसला आणि त्यांना तेथेच मारण्यात आले.

येथे थांबून आपण स्वतःला विचारावे. त्या जमावात चार वर्षांपूर्वी खिंडारावर उभे राहिलेले लोक नसतील का? त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिले होते, ते एका माणसाच्या आरोळीपुढे फिके पडले. बोलणी खरी होती. पण ती कोणासाठी आणि कोणत्या अटींवर, हे विचारायला महालापर्यंतचे अंतर पुरेसे होते. कोणी विचारले नाही. मोगलांना प्रत्यक्ष बोलावणारे दोघे होते, मियाँ मंजू आणि मुहम्मदखान. त्यांपैकी कोणाच्याही घरावर असा जमाव गेला नाही. सूरह अल-हुजुरातमध्ये भरवशाच्या नसलेल्या माणसाने आणलेली बातमी आधी पारखून घ्यावी, नाहीतर अजाणतेपणी कोणाला इजा पोहोचवून मागाहून पस्तावावे लागेल, असा आदेश आहे. आणि तेथून दोनच आयतींनंतर लढणाऱ्या दोन मोमिन गटांत समेट घडविण्याचा आदेश येतो. आज ही आरोळी फोनवरून येते. ती पुढे धाडायला महालापर्यंत चालावेही लागत नाही, अंगठा पुरतो. आपल्या गावांमध्ये, आपल्याच मोहल्ल्यांमध्ये, कोणाच्या घराविषयी काय फिरले आणि त्यातून कोणाचे नाते, कोणाचा धंदा, कोणाच्या मुलीचे लग्न मोडले, हे मी सांगायची आवश्यकता नाही.

चांदबिबींनंतर किल्ला फार टिकला नाही. आतून विरोधी सुरुंग खणायला सांगणारे, खिंडारावर येऊन उभे राहणारे कोणी नव्हते. 1600 च्या ऑगस्टमध्ये मोगलांनी सुरुंग लावून तट उडविला आणि ते आत शिरले. शिबंदीतले पुष्कळ लोक मारले गेले. बहादूर निजामशहा, ज्याच्यासाठी हे सारे चालले होते, त्या मुलाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर कैदेत धाडण्यात आले. निजामशाही मात्र लगेच संपली नाही. मलिक अंबर या हबशी सरदाराने परांड्याला दुसरा निजामशहा उभा केला आणि जुन्नर, दौलताबादच्या आश्रयाने मोगलांना पुढे पंचवीस वर्षे झुंजविले. जुन्नरला जाऊन राज्य राखावे, ही चांदबिबींची शेवटच्या दिवसाची मसलत वेडगळ नव्हती, हे त्यावरून दिसून येते.

अहमदनगरला, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, कधी गेलात तर शहराबाहेर शाह डोंगरावर एक उंच अष्टकोनी इमारत दिसेल. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती मुर्तुझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबींचा तिच्याशी संबंध नाही. वर गेल्यावर रखवालदाराला विचारले तरी तो हेच सांगेल. तरीही खाली रिक्षावाल्याला सलाबतखानाची कबर म्हटले तर तो विचारात पडतो, आणि चांदबिबी महाल म्हटले की लगेच रिक्षा सुरू करतो.